घरटे दिसले, तर मागे फिरावे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शिकार हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे बंदूक येते, मचाण येते, फार तर जाळे आणि फासे येतात. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी आणि पाठीवर पाण्याची बाटली घेऊन रविवारी सकाळी तलावाकडे निघालेला गृहस्थ या चित्रात कुठेच बसत नाही. पण आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा उघडून पाहा. त्याच्या दुसऱ्याच कलमात शिकारीची व्याख्या दिलेली आहे. वन्यप्राण्याला मारणे, पकडणे, त्याला हाकून नेणे, आमिष दाखवणे हे सगळे त्यात आहेच. पण त्यापुढे असेही म्हटले आहे की, पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे किंवा त्यांची अंडी अथवा घरटी विचलित करणे हीसुद्धा शिकारच. बंदुकीचा उल्लेख नाही, हेतू चांगला होता की वाईट याची चौकशी नाही. घरट्यावर बसलेली मादी आपल्यामुळे उठली, तर या व्याख्येची सावली आपल्यावर पडू शकते.

कायदा करणाऱ्यांनी हे उगाच लिहिले नाही. त्यामागे पक्षिजीवनाचे एक साधे गणित आहे आणि ते आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल. म्हणून आधी टिटवीबद्दल सांगतो.

टिटवी सगळ्यांच्या ओळखीची. रात्री ओरडली की घरातली वडीलधारी माणसे अजूनही कपाळाला आठ्या घालतात. तिने अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला आणि सखल जागी घातली की बेताचा, असाही आडाखा खेड्यांत बांधला जातो. ही टिटवी घरटे म्हणून काही बांधतच नाही. उघड्या माळावर, मुरमाड जमिनीवर, कधी बांधकामासाठी आणून टाकलेल्या गिट्टीच्या ढिगाजवळ, तर कधी इमारतीच्या सपाट गच्चीवर ती चार खडे गोळा करते आणि त्यांच्यामध्ये चार अंडी घालते. अंड्यांचा रंग असा की दोन हातांवरूनही दिसू नयेत. वीण साधारण मार्चपासून पावसाळ्यापर्यंत चालते. म्हणजे ऐन मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, सावली नसलेल्या जमिनीवर ती बसलेली असते.

आपल्याला वाटते, ती अंडी उबवते आहे. दुपारी तसे नसते. अंड्यातला जीव सदतीस-अडतीस अंशांच्या आसपास नीट वाढतो आणि चाळिशीच्या बरेच पुढे गेलेले तापमान त्याला फार वेळ सोसत नाही. नागपूरच्या मेमध्ये मुरमाची जमीन हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापते. तेव्हा ती अंड्यांना ऊब देत नसते, सावली देत असते. अभ्यासकांनी टिटवीची आणखी एक सवय नोंदवून ठेवली आहे. जवळच्या डबक्यावर जाऊन ती पोटाची पिसे भिजवते आणि तशीच ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसते. आपण खिडकीला कूलर लावतो, तिने पोटाला लावला आहे एवढेच. नर आणि मादी आळीपाळीने हे काम करतात. एक उठला की दुसरा बसतो.

आता या जोडीजवळ तुम्ही-आम्ही गेलो असे समजा. टिटवी उठते, डोक्यावर घिरट्या घालते, टिटीव-टिटीव करून आकाश डोक्यावर घेते. आपल्याला मजा वाटते. मोबाइल काढून आपण तिचे चित्रण करतो, मग अंडी शोधतो, सापडली की त्यांचाही फोटो घेतो, बरोबरच्या मुलांना दाखवतो. जेमतेम पंधरा मिनिटे जातात. पण दुपारी बाराच्या उन्हात ही पंधरा मिनिटे अंड्यांना पुरेशी घातक ठरू शकतात. आपण परत फिरल्यावर ती पुन्हा येऊन बसते आणि पुढचे दोन आठवडे मेलेल्या अंड्यांवर सावली धरून राहते. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पक्षिनिरीक्षणातली बहुतेक हानी अशीच असते. ती करणाऱ्याला दिसत नाही, म्हणून ती झाली असे त्याला वाटतही नाही.

बर्डीवर राहणाऱ्या किंवा रोज कामासाठी बर्डीवर येणाऱ्या माणसाला वाटेल, या पक्ष्यांशी आपला काय संबंध? सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर संध्याकाळी माणसालाच पाय ठेवायला जागा नसते. पण मान वर करून पाहिले तर घारी दिसतात, जुन्या इमारतींच्या वळचणीला पाकोळ्या दिसतात, दिवेलागणीला एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीतून पिंगळ्यांची जोडी बाहेर येऊन कलकलाट करते. किल्ल्याची टेकडी लष्कराच्या ताब्यात असून वर्षातले मोजकेच दिवस सर्वांसाठी उघडते. शहराच्या मध्यावरची हिरवळ टिकून राहायला ही बंदी किती उपयोगी पडली असेल, याचा विचार करण्यासारखा आहे. तिथून महाराजबाग चालत जाण्याच्या अंतरावर. पुढे फुटाळा, अंबाझरी, सेमिनरी हिल्स आणि गोरेवाडा. दोन-चार घटकांत इतकी पाणथळे आणि इतकी झाडी गाठता येईल अशी मोठी शहरे आपल्या राज्यात फार नाहीत.

आणि नागपूरला पक्ष्यांच्या अभ्यासाची जुनी परंपराही आहे. १८६३ मध्ये सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, इथे ई. ए. डि'अब्रू नावाचे अधिकारी होते. त्यांनी तेव्हाच्या मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी तयार केली आणि ती १९३५ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे तो हातात घ्यावा लागे, आणि हातात घ्यायचा तर आधी बंदूक चालवावी लागे. अगदी सलीम अलींची गोष्टही तिथूनच सुरू होते. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता, आणि ही कोणती चिमणी हे विचारायला ते सोसायटीच्या कार्यालयात गेले. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे सचित्र पुस्तक निघाले आणि पुढच्या पिढ्यांना बंदुकीऐवजी दुर्बीण घेऊन पक्षी ओळखता येऊ लागले. त्या काळाला आजच्या मापाने मोजण्यात अर्थ नाही. साधने बदलली, तसे नियमही बदलले. आता साधने पुन्हा बदलली आहेत, आणि माझ्या मते आपले नियम मागे पडले आहेत.

दुर्बिणीच्या काळात पक्षिनिरीक्षक हा स्वभावतःच दूर उभा राहणारा माणूस होता. आठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण असली, की ऐंशी फुटांवरचा पक्षी दहा फुटांवर आल्यासारखा दिसतो. मग जवळ जायचे कशाला? कॅमेरा आला तसे हे समाधान गेले. कॅमेऱ्याला डोळा हवा, डोळ्यातली चमक हवी, पिसाची प्रत्येक शीर हवी. त्यात वाईट काही नाही. चांगल्या छायाचित्रांनी पक्ष्यांविषयीची आस्था वाढवली आहे, पक्षी ओळखण्याचे कितीतरी वादही मिटवले आहेत. अडचण सुरू होते ती पक्षी जवळ येत नाही तेव्हा.

नवरंगाचे उदाहरण घ्या. नावाप्रमाणे अंगावर नऊ रंग मिरवणारा हा देखणा पक्षी पावसाच्या तोंडावर आपल्या मध्य भारतातल्या जंगलांत विणीसाठी येतो. एरवी तो पाचोळ्यात टुणटुण उड्या मारत किडे शोधतो आणि सहजी नजरेस पडत नाही. सकाळ-संध्याकाळ त्याची दोन सुरांची शीळ मात्र ऐकू येते. पूर्वी शीळ ऐकून माणूस बसून राही, कधी दिसे, कधी दिसत नसे. आता खिशातल्या मोबाइलमध्ये त्याची शीळ ध्वनिमुद्रित केलेली असते. ती वाजवली की नवरंग धावत समोरच्या फांदीवर येतो. लोक म्हणतात, आला की नाही? तो आला खरा, पण भेटायला नव्हे, भांडायला. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असे त्याला वाटते. तो छाती फुगवून ओरडतो, शत्रू शोधतो, शत्रू सापडत नाही, आणि शीळ तर चालूच असते. या वेळात त्याने खायचे असते, मादीला साथ द्यायची असते, घरट्यावर लक्ष ठेवायचे असते. एका गटाने हे केले तर कदाचित निभावून जाईल. पण एका नवरंगाची जागा समाजमाध्यमावर जाहीर झाली की शनिवार-रविवारी दहा गट येतात आणि प्रत्येक गट म्हणतो, आम्ही तर दोनच मिनिटे वाजवली.

स्वर्गीय नर्तकाची तऱ्हा आणखी वेगळी. पांढऱ्याशुभ्र लांब शेपटीच्या फितींचा हा नर पाहिला की माणूस वेडावतोच. त्याचे घरटे म्हणजे कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली छोटीशी वाटी, बारीक फांदीच्या बेचक्यात, पानांच्या आडोशाला. पाने आहेत म्हणून ती जागा त्याने निवडलेली असते. आणि पाने आड येतात म्हणून काही छायाचित्रकार तीच पाने-फांद्या तोडतात किंवा दोरीने बाजूला बांधतात. फोटो सुंदर येतो. मग फोटो घेणारा घरी जातो आणि ते घरटे उन्हाला व कावळ्याला मोकळे होते. कावळा हा फार हुशार पक्षी. माणसे वारंवार एका झुडपापाशी थांबतात हे तो पाहून ठेवतो. घरट्यातल्या पिलांचा अगदी जवळून, समोरून, स्वच्छ प्रकाशात घेतलेला फोटो कुणी कौतुकाने दाखवला तर मी हल्ली आधी विचारतो, मधली पाने कुठे गेली?

एप्रिल-मेमध्ये नागपूरच्या जुन्या वस्त्यांत, सिव्हिल लाइन्सच्या मोठ्या झाडांवर राखी धनेश दिसतो. लांब वाकडी चोच, करडा रंग, उडताना मध्येच पंख मारणार आणि मध्येच तरंगणार. त्याचे गृहस्थजीवन जगावेगळे आहे. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून ढोलीचे तोंड बहुतांशी लिंपून घेते. फक्त चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. आत ती अंडी उबवते आणि त्याच काळात तिच्या पंखांची पिसेही झडतात. पिले बऱ्यापैकी मोठी होईपर्यंत ती कोंडलेलीच राहते. तिचे आणि पिलांचे खाणे आणायचे ते नराने. वडा-पिंपळाची, उंबराची फळे आणि किडे घेऊन तो दिवसातून अनेकदा येतो. पण तो संशयी असतो. झाडाखाली माणसांचा घोळका उभा असेल तर चोचीत फळ धरून शेजारच्या झाडावर बसून राहतो. आपण अर्धा तास उभे राहिलो तर अर्धा तास आत कुणाच्या पोटात काही जात नाही. असे रोज घडले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

इथेच एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. पक्ष्यापासून किती फुटांवर उभे राहावे, असे लोक नेहमी विचारतात. असा एकच आकडा नाही. साळुंकी तुमच्या पायाजवळ दाणे टिपेल आणि तलावावरचे बदक शंभर पावलांवरून उडेल. अंतर पक्षी ठरवतो, आणि तो ते सांगतोही. खाणे थांबवून मान ताठ केली, हा पहिला इशारा. शेपटी हलवत, एकसारखा एकच स्वर काढत तो फांद्या बदलू लागला, हा दुसरा. चोचीत किडा आहे, पण तो गिळत नाही आणि कुठे जातही नाही, म्हणजे घरटे जवळ आहे आणि अडथळा आपण आहोत. जमिनीवर घरटे करणारे काही पक्षी पंख मोडल्याचे सोंग करत लंगडत दूर जाऊ लागतात. तेव्हा भोवतालच्या जमिनीकडे नीट पाहत, आल्या पावलांवरून परत फिरायचे. पुढचे पाऊल कदाचित अंड्यांवर पडेल.

हिवाळ्यात घरट्यांचा प्रश्न कमी, पण दुसरा प्रश्न असतो. विदर्भातल्या तलावांवर उत्तरेकडून पाहुणे पक्षी येतात. बदके येतात, चक्रवाक येतात, काही तलावांवर हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंसही उतरतात. इतका प्रवास करून आलेला पक्षी तलावावर बसला की आपल्याला तो आळसावलेला वाटतो. खरे तर तो परतीच्या प्रवासाची शिदोरी अंगात साठवत असतो. त्याला उडवले की त्यातली थोडी शिदोरी खर्च होते. उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवणारे, दगड मारणारे आणि होडीवाल्याला होडी थेट थव्यात घालायला लावणारे लोक आहेत. उजनीच्या जलाशयावर भिगवणला रोहित पाहायला जाणाऱ्यांनी हा प्रकार पाहिला असेल. तिथे होडीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचे पोट गिऱ्हाइकाच्या खुशीवर चालते. रोहित उडवू नको, लांबूनच दाखव, असे गिऱ्हाइकानेच आधी सांगितले तर तो आनंदाने वल्हे थांबवेल. त्याचेही कष्ट वाचतात.

मग पक्षिमित्रांचे गट नेमके करतात तरी काय, असे कुणी विचारेल. वरवर पाहता फारसे काही नाही. रविवारी पहाटे जमायचे, तीन-चार तास हळूहळू चालायचे, दिसले ते वहीत लिहायचे, चहा-पोहे खाऊन घरी जायचे. पण ही वही महत्त्वाची आहे. गिधाडांची गोष्ट यासाठी आठवावी. कधी काळी मेलेल्या गुराभोवती गिधाडांचा मेळा जमणे ही इतकी रोजची बाब होती की ती लिहून ठेवावी असे कुणाला वाटले नसते. भरतपूरला केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मात्र विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडे मोजून ठेवली होती. १९९० च्या दशकात पुन्हा मोजली तेव्हा ती झपाट्याने घटल्याचे दिसले. पुढे देशभर मोजणी झाली आणि १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारातले एखादेच उरले, असे अनुमान निघाले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्याला कारण होते. २००६ मध्ये गुरांसाठी त्याच्यावर बंदी आली. २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली गिधाडे आपल्या पेंच आणि ताडोब्यात आणली गेली. आधीची मोजणी नसती, तर पूर्वी फार गिधाडे होती बुवा, एवढेच म्हणत आपण बसलो असतो.

म्हणून गटांचे वर्ष मोजणीभोवती फिरते. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती १९८७ पासून चालू आहे. फेब्रुवारीत चार दिवस घराच्या अंगणातले पक्षी मोजण्याचा जागतिक उपक्रम असतो, त्यात गच्चीवर पंधरा मिनिटे बसणाऱ्या आजीबाईही भाग घेऊ शकतात. नोव्हेंबरात पक्षी सप्ताह. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० मध्ये घेतला. चितमपल्ली वनखात्यातून निवृत्त झाल्यावर बरीच वर्षे नागपुरात राहिले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापूरला त्यांचे निधन झाले. पक्ष्यांची मराठी नावे त्यांनी पुस्तकांतून शोधली, तशी जंगलातल्या माणसांकडूनही गोळा केली. नवरंग, राखी धनेश, स्वर्गीय नर्तक ही नावे आज आपण सहज घेतो, त्यामागे अशा माणसांची मेहनत आहे.

वही खरी असावी, हीसुद्धा नीतीचीच बाब आहे. याचे सगळ्यात मोठे उदाहरण आपल्या राज्यातले आहे. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी. १८७३ मध्ये ह्यूम यांनी, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या त्याच ॲलन ह्यूम यांनी, त्याचे शास्त्रीय वर्णन केले. खानदेशातून काही नमुने मिळाले, आणि १८८४ नंतर तो कुणाला मिळालाच नाही. पुढे रिचर्ड माइनर्ट्सहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये आपण गुजरातेत त्याचा नमुना मिळवल्याची नोंद केली. लोक तिथे शोधत राहिले आणि हाती काही लागले नाही. अखेर पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातल्या नमुन्यांची कसून तपासणी केली तेव्हा कळले, की या साहेबांनी जुनेच नमुने चोरून त्यांच्यावर खोट्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. खोटी नोंद बाजूला काढल्यावर शोध खऱ्या जागांकडे वळला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना रानपिंगळा जिवंत दिसला. एकशे तेरा वर्षांनी. नंतर तो मेळघाटातही सापडला आणि विदर्भाच्या कौतुकाचा विषय झाला.

हा रानपिंगळा दिवसाउजेडी वावरतो आणि त्याच्या हाकेची नक्कल वाजवली तर उत्तर देतो. म्हणजे फोटोवाल्यांसाठी सोपे लक्ष्य. अशा पक्ष्याची नोंद करावी की नाही? जरूर करावी, तारखेसह करावी. पण नेमके झाड सगळ्या जगाला सांगू नये. ईबर्डसारख्या संगणकीय नोंदवह्यांतही काही संवेदनशील जातींची ठिकाणे आपोआप झाकलेली असतात. शास्त्राला लागणारी माहिती आणि गर्दीला लागणारी माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहरातल्या घुबडाच्या ढोलीलाही हेच लागू. घुबडाला तर अंधश्रद्धेपोटी पकडणाऱ्यांचीही भीती असते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो अगदीच चुकीचा नाही. लोकांना पक्षी दाखवलेच नाहीत तर त्यांच्यात आवड कशी निर्माण होणार? मुले फक्त नियम ऐकून कंटाळतील. मला वाटते, मार्ग सोपा आहे. नवख्यांना दुर्मीळ पक्ष्यामागे नेऊच नये. महाराजबागेतल्या फळांनी लगडलेल्या वडाखाली न्यावे. तिथे तांबट असतो, बुलबुल असतो, नशीब असेल तर आपला राज्यपक्षी हरियालही पानांत पानासारखा बसलेला सापडतो. फळ खाणाऱ्या पक्ष्याला खाली उभ्या माणसांचे फारसे सोयरसुतक नसते. तासभर पाहा, कुणाचे काही बिघडत नाही. एका वडावर मुले जेवढे शिकतात तेवढे दहा ठिकाणी गाडीने फिरून शिकत नाहीत.

उन्हाळ्यात नागपुरात घरोघरी पक्ष्यांसाठी पाणी ठेवले जाते, ही आपली फार चांगली रीत आहे. त्यातही थोडी काळजी हवी. भांडे उथळ आणि मातीचे असावे, सावलीत असावे, जवळपास मांजराला दबा धरायला जागा नसावी, आणि पाणी रोज बदलून भांडे घासावे. शिळ्या पाण्यातून पक्ष्यांमध्ये रोग पसरतात. शेव, फरसाण, ब्रेड मात्र ठेवू नये. मे-जूनमध्ये उडायला शिकणारी पिले जमिनीवर सापडतात. ती अनाथ असतातच असे नाही. बहुतेक वेळा आईबाप जवळच असतात आणि आपण हलण्याची वाट पाहत असतात. अशा पिलाला उचलून जवळच्या फांदीवर ठेवावे आणि दूर जावे. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही समजूत खोटी आहे. जखमी पक्षी असेल, संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने पंख कापलेला असेल, तर घरगुती उपचार न करता खोक्यात ठेवून सेमिनरी हिल्सवरच्या वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला न्यावा. या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीनंतर झाडांवर तो लोंबताना दिसतोच. तो उतरवून गुंडाळून टाकणे हेही पक्षिमित्रांच्या गटांचे एक काम झाले आहे.

शेवटी सारसांकडे वळतो, कारण तिथे पक्षिनिरीक्षकापेक्षा शेतकऱ्याचा अधिकार मोठा आहे. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, थोडेफार शेजारच्या भागात. माणसाच्या खांद्याला लागेल एवढा उंच, जन्मभर जोडीने राहणारा हा पक्षी पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा बोडीच्या काठी पाणवनस्पतींचा ढीग रचून त्यावर बहुधा दोनच अंडी घालतो. महिनाभर नर-मादी आळीपाळीने बसतात. त्या ढिगाखाली शेतकऱ्याची धानाची जागा जाते, भोवतालचे रोप तुडवले जाते. तरीही घरटे मोडू न देता राखणारे शेतकरी तिथे आहेत, आणि त्यांना समजावणारे, साथ देणारे स्थानिक कार्यकर्तेही आहेत. सारसांच्या घटत्या संख्येची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. विजेच्या तारांना धडकून सारस मरतात, शेतातल्या कीटकनाशकांचा त्रास होतो, तळ्यांवर अतिक्रमण होते, असे अनेक प्रश्न त्या निमित्ताने पुढे आले.

नागपूरहून सारस पाहायला जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे. गाडी बांधावर नेऊन उभी करायची, चिखलात उतरायचे, उभ्या धानातून वाट काढत घरट्याकडे जायचे, हे कुठल्याही शेतकऱ्याला आवडणार नाही आणि सारसाला तर नाहीच. तुडवलेल्या धानातून तयार झालेली पायवाट कुत्र्यांनाही घरट्यापर्यंत नेते. त्यापेक्षा गाडी गावात ठेवावी. ज्याचे शेत त्याला आधी भेटावे, भाऊ, सारस कुठून नीट दिसेल, असे विचारावे. तो सहसा रस्त्यालगतची एखादी पार दाखवतो. पहाटे आणि सूर्य कलल्यावर सारसांची जोडी तिथून आपोआप दिसते, मान वर करून एका सुरात साद घालताना ऐकूही येते. चहाला बोलावले तर जावे. यंदा किती पिले उडाली, गेल्या वर्षी किती होती, कोणत्या तारेला कोणता सारस लागला, हे सगळे त्याला तोंडपाठ असते. ते ऐकावे आणि वहीत त्याच्या गावाच्या नावासह, तारीख घालून लिहून घ्यावे.